पहिला पाय तात्पुरता असतो

दुपारी बाराच्या सुमाराची कल्याण लोकल, दिव्यांगांचा डबा. कुर्ल्याला एक पंचविशीतला मुलगा चढला. डाव्या हातात काठी, उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. समोरच्या बाकावरचे गृहस्थ त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. घाटकोपर यायच्या आत त्यांनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सलाम आहे बाबा तुझ्या जिद्दीला." मुलगा हसला, "थँक्यू काका" म्हणाला. मग त्यांचं लक्ष मोबाइलकडे गेल्यावर त्याने पँट वर सरकवली, मांडीवरचा पट्टा सोडला, पाय काढला, घामाने चिंब झालेला मोजा सोलून प्लास्टिकच्या पिशवीत टाकला. दुसऱ्या कप्प्यातून कोरडा सुती मोजा काढला, त्यावर आणखी एक पातळ मोजा चढवला, सुरकुती राहिली नाही ना हे बोट फिरवून पाहिलं, पाय परत बसवला आणि उभं राहून दोनदा त्यावर वजन टाकलं. मुलुंडला तो उतरला तेव्हा चढतानापेक्षा सरळ चालत होता.

गृहस्थांचं कौतुक मनापासूनचं होतं, त्यात खोट काढायची नाही. तरीही ते वाक्य मनात खुपत राहिलं. कारण त्या मुलाला मुलुंडपर्यंत आणि तिथून कामाच्या जागेपर्यंत नेत होता तो दुसरा, पातळ मोजा. दुपारपर्यंत स्टंप (पायाचा उरलेला भाग) थोडा आकसतो, सॉकेट (कृत्रिम पायाची, स्टंप बसवायची खोबण) ढिलं होतं, तेव्हा एक पातळ थर वाढवायचा, हे त्याला कुणीतरी बसून शिकवलं होतं. जिद्द तर पाय गमावलेल्या बहुतेकांकडे असते. ज्यांचा कृत्रिम पाय वर्षभरात माळ्यावर जातो त्यांच्याकडेही ती असते.

रुळांवर किती जण दगावले याचे आकडे दर जानेवारीत पेपरात येतात. जखमींची संख्या त्याच बातमीत शेवटच्या ओळीत असते. त्या ओळीतल्या माणसांचं पुढे काय होतं, कोण कामावर परत जातं, कोण घरी बसतं, हे कुठल्याच बातमीत येत नाही. जे दिसतं ते असं, की दैवाने केलेल्या नुकसानात आणखी भर पडते ती फार बारीक गोष्टींनी. उशी, बँडेजची गाठ, हरवलेला पास, चपलेची टाच. म्हणून या बारीक गोष्टींबद्दलच लिहायचं आहे.

सुरुवात बँडेजपासून होते. सूज उतरून स्टंपला वरून खाली निमुळता होत जाणारा आकार यावा यासाठी क्रेप बँडेज बांधतात. गुडघ्याखालच्या स्टंपला चार इंची, मांडीच्या स्टंपला सहा इंची. बांधायचं ते तिरकं, इंग्रजी आठच्या आकड्यात, टोकाशी घट्ट आणि वर येताना सैल होत जाणारं. दर चार-पाच तासांनी सोडून परत बांधायचं, कारण ते सरकतं. घरात नेमकं उलटं होतं. टोकाला जखम आहे, दुखेल, म्हणून तिथे हात हलका पडतो आणि वर मात्र सुटू नये म्हणून गोल वेढे देऊन पक्कं बांधलं जातं. मग सूज खाली अडकते, टोक जाड आणि वरचा भाग बारीक राहतो. असा स्टंप सॉकेटमध्ये जातच नाही, आणि मापाला आलेल्या माणसाला "अजून सहा आठवडे बांधून या" असं ऐकून परत जावं लागतं. सहा आठवडे म्हणजे दीड महिन्याचा पगार.

दुसरी गोष्ट उशी. आई, बायको, बहीण, जी कोणी शुश्रूषा करते तिला पहिल्यांदा सुचतं ते स्टंपखाली उशी ठेवणं. आराम पडतोही. पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत दिवस काढले की मागचे स्नायू आखडतात, आणि पंचवीस-तीस अंशांवर अडकलेल्या गुडघ्याला पाय बसवणं फार अवघड होतं. पाय मांडीतून गेला असेल तर खुबा असाच पुढे आखडतो. त्यावर उपाय साधा आहे: दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपायचं, आणि खुर्चीत बसताना स्टंपखाली फळी सरकवून गुडघा सरळ ठेवायचा. साधा, पण चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत, जिथे सहा माणसं आणि एक कॉट आहे, तिथे दिवसा वीस मिनिटं पालथं पडायला जागा आणि एकांत मिळवणं हेही ठरवून करावं लागतं. मुलं शाळेत गेल्यावरची वेळ, दुपारची भांडी झाल्यावरची वेळ. ज्या घरांनी ती वेळ घड्याळाला बांधली, त्या घरातला माणूस लवकर उभा राहिलेला दिसतो.

याच आठवड्यांत नसलेला पाय दुखत असतो. अंगठ्याला खाज येते, घोट्यात कळ जाते, पावलाला कुणी पीळ देतंय असं वाटतं. बरेच जण हे सांगतच नाहीत. लोक वेडं समजतील अशी भीती असते. हे जवळजवळ प्रत्येकाला जाणवतं आणि त्यात वेडाचा काही संबंध नाही, एवढं कुणी वॉर्डातच सांगितलं तर अर्ध्या रात्रीची तगमग वाचेल. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात दाखवलेली आरशाची रीत आजही वापरतात: दोन्ही पायांच्या मधे उभा आरसा धरायचा, चांगला पाय हलवायचा आणि आरशातल्या पायाकडे पाहत राहायचं, रोज पंधरा मिनिटं. सगळ्यांना लागू पडत नाही. ज्यांना पडते त्यांना झोप लागते. कपाटाचा जुना आरसाही त्याला चालतो. शिवाय स्टंपची कातडी सरावावी म्हणून आधी कापसाने, मग टॉवेलने, मग हलक्या थापांनी चोळायचं असतं. पहिल्या दिवशी स्वतःच्या हाताने तिथे स्पर्श करायलाही माणूस धजत नाही. हा स्पर्श पेलायला लागणारा वेळ कुठल्याच केसपेपरवर लिहिलेला नसतो.

आणि कागद.

जखम ओली असतानाच कागदांची मुदत सुरू झालेली असते, हे फार उशिरा कळतं. चालत्या गाडीतून पडून अपघात झाला असेल तर रेल्वे कायद्याच्या १२४ अ कलमाखाली भरपाई मागता येते. ती रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, एका वर्षाच्या आत. १ जानेवारी २०१७ पासून या भरपाईची कमाल मर्यादा ८ लाख रुपये आहे. कुठला अवयव आणि कुठपर्यंत गेला यावर रक्कम ठरते. रूळ ओलांडताना गाडीखाली आलं तर हे कलम साधारणपणे उपयोगी पडत नाही. त्यामुळे लोहमार्ग पोलिसांच्या पंचनाम्यात "गाडीतून पडला" लिहिलंय की "रूळ ओलांडताना" हे घरच्यांनी पहिल्या काही दिवसांतच वाचून घ्यायला हवं. स्टेशन मास्तरांचा मेमो, केसपेपर, आणि सगळ्यात महत्त्वाचा पास. रक्ताने माखलेली पँट इस्पितळातून परत येते ती कुणाला बघवत नाही, तशीच कचऱ्यात जाते आणि तिच्या खिशातला पासही जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की केवळ तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही, प्रतिज्ञापत्रावर आपली बाजू मांडता येते; पण पास हातात असला तर पुढचे कितीतरी खेटे वाचतात.

ज्यांच्या पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापलं जातं त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. २०१० च्या दुरुस्तीने घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाला तर, कामावरचा अपघात मानला जाऊ लागला. म्हणजे आजारपणाची रजा आणि कामावरचा अपघात यातला फरक: पहिल्यात साधारण ७० टक्के वेतन आणि तेही मोजके दिवस, दुसऱ्यात बरं होईपर्यंत ९० टक्क्यांच्या घरात आणि नंतर अपंगत्वाच्या प्रमाणात कायमचा मासिक लाभ. हा फरक मालकाच्या ऑफिसातून जाणाऱ्या अपघात अहवालावर ठरतो. लोकलच्या प्रवासात पाय गेलेला माणूस स्वतःच "साहेब, हे कामावर थोडंच झालं" असं म्हणून साध्या आजारपणाचा फॉर्म भरून मोकळा होतो. महिना वीस हजारांच्या आत मिळवणाऱ्या घराला त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते. सरकारी, महापालिकेच्या किंवा सरकारी मालकीच्या आस्थापनेतल्या माणसाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २०वं कलम आहे: नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही, जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच वेतनात घ्यावं लागतं, आणि तसं पद नसेल तर जादा पद धरून ठेवावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे अंथरुणावरून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करणारे आहेत. पहिल्या तीन महिन्यांत कुठल्याही राजीनाम्यावर सही करू नये, कुणी कितीही आपुलकीने कागद पुढे केला तरी.

जखम पूर्ण भरली, आकार आला, की माप. हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. महालक्ष्मीला उतरून तिथे जाणाऱ्या कुबड्या शहराला वर्षानुवर्षं ओळखीच्या आहेत. अशा कार्यशाळांमध्ये ओल्या प्लास्टरचा थंड वास आणि ओव्हनची धग एकाच वेळी अंगावर येते. स्टंपवर पातळ मोजा चढवून त्यावर न पुसणाऱ्या पेन्सिलने खुणा करतात: गुडघ्याच्या वाटीखालची जाड शीर (स्नायूबंध), नडगीची कड, बाहेरच्या बाजूचं बारीक हाडाचं टोक. मग प्लास्टरच्या पट्ट्या, मग त्या साच्यात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिकृती. खरं कसब त्यानंतर असतं. जिथे भार घ्यायचा तिथलं प्लास्टर तासायचं, जिथे हाड उघडं आहे तिथे भर घालायची. गुडघ्याखालच्या पायात शरीराचं वजन स्टंपच्या टोकावर येत नाही, ते मुख्यतः वाटीखालच्या शिरेवर आणि बाजूच्या मांसल भागावर पेललं जातं. बहुतेकांना हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे पहिल्यांदा उभं राहताना टोकाला मार बसेल या धास्तीने ते अंग चोरतात, आणि वाटीखाली लालसर खूण दिसली की पाय चुकीचा बनलाय असं समजतात. ती खूण तिथे यायलाच हवी. नडगीच्या टोकाशी किंवा बाहेरच्या हाडावर लाली आली आणि दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, तर मात्र पाय काढून ठेवायचा आणि कार्यशाळेत परत जायचं. फोड येईपर्यंत थांबलं तर दोन-तीन आठवडे परत कुबड्या.

आपल्याकडे सगळ्यात जास्त पसरलेलं कृत्रिम पाऊल, 'जयपूर फूट', १९६८ च्या सुमाराला जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात घडलं; कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांचं ते काम. रबराचं, अनवाणी चालता येणारं, उकिडवं आणि मांडी घालून बसता येणारं. चाळीच्या टोकाला सामाईक संडास असलेल्या माणसाला या एका गुणाचं मोल परदेशी पावलापेक्षा जास्त आहे. ज्यांना बूट घालायचं पाऊल मिळतं त्यांनी टाचेची उंची सांभाळायची: ज्या उंचीच्या टाचेवर पाय जुळवलाय त्यापेक्षा उंच टाच घातली की गुडघा पुढे ढकलला जातो, सपाट स्लिपर घातली की मागे. लग्नाला म्हणून नवे बूट घेतले आणि मांडवात तोल गेला, याचं कारण बहुधा एवढंच असतं.

चालणं दोन कठड्यांच्या मधे सुरू होतं. आधी नुसता भार या पायावरून त्या पायावर, मग पाऊल. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. लोकलमध्ये चढतानाही तसंच, उतरतानाही तसंच. २०१४ मध्ये घाटकोपरला कॉलेजला जाणारी मुलगी गाडी आणि फलाटाच्या फटीत पडून दोन्ही हात गमावून बसली, उच्च न्यायालयाने दखल घेतली आणि त्यानंतर फलाट उंच करण्याच्या कामाला वेग आला. तरी वळणावरच्या फलाटांना फट उरलीच आहे. गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाने चालायला साधारण पाव पट जास्त दम लागतो, मांडीतून गेलेल्या पायाला अर्ध्या पटीहून जास्त. दादरचा पूल एकदा चढून उतरणं हे त्या माणसासाठी वेगळंच अंतर असतं. म्हणून पहिला प्रवास रविवारी दुपारी, सोबत कुणीतरी, एकच स्टेशन पुढे आणि परत. मग दोन. मग कामाच्या दिवशी, पण अकरानंतर.

या शहराची हवा कृत्रिम पायाला मानवत नाही. सॉकेटमध्ये घाम साचतो, कातडी भिजून मऊ पडते, घासून सोलते. स्टंप रात्री धुवायचा, सकाळी नको. ओली कातडी किंचित फुगते आणि सॉकेटमध्ये चिकटते. सॉकेटही रात्रीच ओल्या फडक्याने पुसून उघडं ठेवायचं. मोजे रोज धुवायचे, आणि जुलैत ते तीन दिवस वाळत नाहीत, म्हणून निदान सहा हवेत. दोन-तीनवर भागवणारे पावसाळ्यात दमट मोजा घालतात आणि गणपतीपर्यंत त्यांच्या कातडीवर पुरळ आलेलं असतं. मधुमेहाने पाय गेला असेल त्यांनी रोज झोपताना दुसरं पाऊल खालून आरशात बघायचं. ते पाऊल आता सगळा भार उचलत असतं, आणि तिथली छोटी भेगही अंगावर काढण्यासारखी नसते.

आता माळ्यावरच्या पायाबद्दल. पहिला पाय मिळतो तेव्हा स्टंप अजून बदलत असतो. पहिलं वर्षभर, कधी दीड वर्ष, तो बारीक होत जातो. आधी एक पातळ मोजा पुरतो, मग तीन पदरी, मग पाच पदरी, मग पाचावर तीन. पाय आत जास्त खाली जातोय, नडगीचं टोक तळाला टेकतंय, चालताना पाय वर-खाली सरकतोय, ही मोजा वाढवायची लक्षणं. दहा-बारा पदरांच्या वर गेलं की मोज्यांनी भागत नाही, नवं सॉकेट लागतं. हे ठरलेलंच आहे, जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत होतं. पण ज्याला कुणी सांगितलं नाही त्याला सातव्या-आठव्या महिन्यात एवढंच दिसतं की पाय दुखतोय, ढिला झालाय, आवाज करतोय. त्याला वाटतं पाय फुकटचा म्हणून खराब निघाला, किंवा आपल्यालाच जमत नाही. नेमक्या याच सुमाराला भेटायला येणारे थांबलेले असतात, उसने दिलेले पैसे लोक मागू लागलेले असतात. कुबड्या परत येतात, पाय माळ्यावर जातो आणि घरातलं कुणी त्याबद्दल बोलत नाही. या महिन्यांत मन सर्वात खाली जातं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो कॅलेंडरवर लिहून ठेवलेला बरा, कारण लागेल तेव्हा शोधायची ताकद नसते.

पहिल्या कामाचंही बरंचसं असंच होतं, असं मला फार वाटतं. अपघातानंतरचं पहिलं काम आयुष्यभरासाठी निवडायला गेलं की माणूस अडकतो. बारा तास उभं राहायचं वॉचमनचं काम ओळखीने मिळालं, दोन महिन्यांत स्टंप सोलला, काम सुटलं, आणि "मी आता कुठल्याच कामाचा नाही" हा निष्कर्ष निघाला. चुकलेलं होतं ते माप. काम शोधण्याआधी एका वहीत लिहून काढावं: सलग किती मिनिटं उभं राहता येतं, किती वेळ चालून किती वेळ बसावं लागतं, एका हातात काठी धरून किती किलो उचलता येतं, दिवसातून पाय किती वेळा काढून पुसावा लागतो आणि त्यासाठी आडोसा कुठे मिळेल. ही वही मुलाखतीला फार उपयोगी पडते. "हलकं काम द्या" म्हटलं की समोरचा माणूस गोंधळतो. "सकाळी अकरा ते संध्याकाळी सात अशी वेळ द्या, टेबलाजवळ एक स्टूल द्या, तासाला पाच मिनिटं बसू द्या" म्हटलं की हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि बऱ्याचदा हो येतं. नोकरीतला खंड लपवू नये. अपघात, उपचार, आता कामाला तयार, एका ओळीत सांगून पुढे जावं.

जुना धंदा सगळाच सोडावा लागतो असंही नाही. शिंप्याने पायाचं पॅडल काढून मशीनला मोटर बसवली की त्याचं काम चालू राहतं. फिटर जमिनीवर बसून करायचं काम कमरेइतक्या बाकावर घेऊ शकतो. डावा पाय गेलेल्या ड्रायव्हरला क्लच नसलेली गाडी चालवता येते, मात्र आरटीओकडे लायसन्समध्ये तशी नोंद करून घ्यावी लागते. हॉटेलच्या भटारखान्यात परत जाणं मात्र अवघड, ओल्या फरशीमुळे. तिथला अनुभवी माणूस हिशेब, खरेदी, माल मोजून घेणं याकडे वळला तर त्याचं ज्ञान वाया जात नाही. सायनला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं करिअर सेवा केंद्र आहे, तिथे कामाची क्षमता तपासून देतात आणि प्रशिक्षणही असतं. राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ धंद्यासाठी कर्ज देतं. अशा ठिकाणी बहुधा ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागतं, म्हणून त्याचा अर्ज जखम भरल्यावर लगेच करून टाकावा. लोकलच्या सवलतीची कागदपत्रंही त्याच फाइलमध्ये ठेवावीत.

या सगळ्यात एक गोष्ट मनापासून सांगायची आहे ती कार्यशाळांतल्या तंत्रज्ञांना आणि घरच्यांना. पहिला पाय देताना त्याच कार्डावर दुसऱ्या सॉकेटचा अंदाजे महिना लिहून द्या. बाजूला मोज्यांच्या पदरांचा तक्ता छापा, आणि "बारा पदर झाले की या" एवढं मराठीत लिहा. पाय नेणाऱ्याने तो महिना विचारल्याशिवाय कार्यशाळेतून बाहेर पडू नये. कार्डावर जागा नसेल तर केसपेपरच्या मागे लिहून घ्यावा. दुसऱ्या मापाला जाताना पहिला पाय सोबत न्यायचा. त्याचं पाऊल आणि नळी बहुतेक वेळा चालू शकते, सॉकेट तेवढं बदलतं.